पाण्याच्या आकड्यापुढे वेळ लिहा

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वृत्तपत्रांचे संपादक, वार्ताहर, वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी, तसेच न्यूज पोर्टल व यूट्यूब वाहिन्या चालवणारे पत्रकार यांस,

स.न.वि.वि.

मृग लागला की आमच्या सांगलीच्या गावभागात दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. माळ्यावरची अडगळ खाली काढून तिथे मिक्सर, गॅसची शेगडी आणि कागदपत्रांची पेटी बसेल एवढी जागा केली जाते, आणि वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते जिवंत असलेले व्हॉट्सॲपचे गट पुराच्या बातम्यांसाठी पुन्हा जागे होतात. पहिली तयारी आम्ही आमच्या हिमतीवर करतो, दुसरीत मात्र आम्ही सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असतो. म्हणून धरणे भरण्याच्या आधी, आपल्याला आणि आम्हाला शांतपणे विचार करायला सवड असताना, हे पत्र लिहीत आहे.

मी गावभागात २६ वर्षे संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीचे दुकान चालवतो. पत्रकारितेतले मला कळते असा माझा दावा नाही. पण एखाद्या फायलीवर दिसणारी तारीख खरी आहे की नंतर चिकटलेली आहे, हे तपासण्यात माझे बरेच आयुष्य गेले असल्यामुळे, आपल्या बातम्यांत जी एक गोष्ट सतत गळते ती माझ्या नजरेला खुपते. माझी विनंती एवढीच आहे की, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, धरणातला विसर्ग म्हणजे सोडलेले पाणी, किंवा पुराचे छायाचित्र आणि चित्रफीत देताना, ते कोणत्या दिवशीचे, किती वाजताचे आणि कोणाकडून मिळालेले आहे, हे त्याच ओळीत, आकड्याला लागूनच लिहावे.

मागणी क्षुल्लक वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. मध्यंतरी एका ऑगस्टमध्ये पाणी इशारा पातळीच्या आसपास रेंगाळत होते. आपणास ठाऊकच आहे की आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि या दोहोंच्या मधले पाच फूट म्हणजे सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड या भागांतल्या माणसांचे बाडबिस्तरे बांधण्याचे पाच फूट. त्या रात्री पावणेदोन वाजता आमच्या गल्लीच्या गटावर एका पोर्टलचे कार्ड आले. लाल पट्टी, पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेचे छायाचित्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत ५२ फूट. पोर्टलचे नाव घेत नाही, कारण त्या वर्षी त्यांनी केले ते पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी केले. आमच्या शेजारचे गिरणीवाले काका ते कार्ड पाहून उठले, दोन मुलांना हाताशी घेऊन पिठाच्या गिरणीची मोटर पायापासून सोडवली, नेहमीच्या तिप्पट भाडे देऊन टेम्पो बोलावला आणि भर पावसात ती मोटर विश्रामबागेत मेहुण्याच्या पार्किंगमध्ये नेऊन टाकली. सकाळी नदीवर जाऊन पाहिले तर पाणी आदल्या संध्याकाळपेक्षा चार बोटे उतरलेले होते.

ते कार्ड मी मोठे करून पाहिले तेव्हा छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानाची पाटी दिसली. ते दुकान टाळेबंदीत कायमचे बंद झाले आणि आज तिथे मोबाइल कव्हर मिळतात. म्हणजे छायाचित्र खरे होते, सांगलीचेच होते, पाणीही तेवढेच होते; फक्त ते २०१९ च्या महापुराचे होते. त्या वर्षी आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, म्हणजे चढताना कधीतरी ते ५२ फुटांवरही होतेच. त्या कार्डातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या वेळी खरी होती, आणि वेळ नसल्यामुळे सगळे मिळून खोटे झाले.

काकांचे नुकसान टेम्पोच्या भाड्यापुरते नाही. मोटर परत बसवून पट्टा जुळवेपर्यंत चार दिवस गिरणी बंद राहिली, त्याचेही त्यांना फार वाटले नाही. पण तेव्हापासून ते कुठलेही कार्ड आले की माझ्याकडे फोन पुढे करून विचारतात, "हे आजचं आहे का?" आणि खरे सांगायचे तर दहापैकी सहा वेळा मला उत्तर देता येत नाही.

उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. माझ्या दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ वडिलांनी ऑइलपेंटने ओढून ठेवली होती. २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्या रेघेवर विश्वास ठेवला. २००५ ला इथवर आले, याच्या वर येत नाही, असे म्हणत लोक घरात बसून राहिले, आणि पाणी ती रेघ गिळून वर गेले. तेव्हा गरज होती ती दर दोन तासांनी पाणी किती वेगाने चढते आहे हे सांगणाऱ्या बातमीची. पातळीचा एकटा आकडा काहीच सांगत नाही. दोन आकडे आणि त्यांच्या दोन वेळा मिळाल्या, तरच पाणी तासाला किती इंच चढते ते कळते, आणि सामान हलवायला किती अवधी उरला हे तेव्हाच ठरवता येते.

यात गंमत अशी की मूळ माहिती आपल्याकडे वेळेसह येते. पावसाळ्यात शासनाकडून जे पूर परिस्थितीचे निवेदन निघते, त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन पूल आणि राजापूर बंधारा अशा ठिकाणांची पातळी फूट आणि इंचांत ओळीने दिलेली असते, कंसात इशारा पातळी असते, आणि ती किती वाजताची आहे ते अगदी वर एकदा लिहिलेले असते. दोष तिथेच शिरतो. वेळ वरच्या ओळीत, आकडा खालच्या ओळीत. कार्ड बनवणारा मुलगा घाईत खालची ओळ उचलतो, वरची कागदावरच राहते. मग ते कार्ड एका गटातून दुसऱ्या गटात जाते, आणि सकाळी सातचे ३९ फूट रात्री अकरालाही ३९ फूटच राहतात. भिलवडीचा माणूस भिलवडीची ओळ शोधत असतो, त्याला मिळतो आयर्विनचा आकडा, कारण मथळ्यात आयर्विन शोभून दिसतो.

इथे यंत्राचाही थोडा दोष आहे, तो मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फायलीत ते कधी काढले ही नोंद आपोआप बसलेली असते. परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ती नोंद पुसली जाते आणि समोरच्याच्या फोनमध्ये ते ज्या क्षणी उतरते तो क्षण तारीख म्हणून दिसतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर आपल्याला गोष्टी घडल्या त्या क्रमाने सहसा दाखवतच नाहीत. ज्यावर लोक जास्त थांबतात ते वर येते, आणि पुराच्या काळात लोक सर्वांत जास्त थांबतात ते सर्वांत भयंकर चित्रावर, म्हणजे बहुधा २०१९ च्या. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, २०२० मध्ये दोन बाणांची खूण असलेले, फार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असे केले. त्याने वेग कमी झाला असेल, पण दोन बाण असलेला संदेश सातचा की अकराचा, हे त्या बाणांना माहीत नसते.

छापील वर्तमानपत्र या बाबतीत फार शहाणे होते. आमच्याकडे अजून एखाद्या दुकानात भडंग कागदाच्या पुडीत मिळते. ती पुडी उलगडली आणि पानाचा वरचा काठ हाती लागला की त्यावर तारीख असतेच, तेलाने पारदर्शक झालेली असली तरी वाचता येते. बातमी फाटली, अर्धी गेली, तेलात भिजली, तरी ती कधीची आहे हे तिच्या कपाळावरून पुसले जात नाही. आपल्या पूर्वसुरींनी प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख छापायचा नियम काही शोभेसाठी केला नव्हता. कार्ड म्हणजे आजचे फाटलेले पान आहे. ते मूळ बातमीपासून तुटूनच फिरणार, हे गृहीत धरून त्याच्या माथ्यावर तारीख का नसावी?

पोर्टलांच्या बाबतीत आणखी एक खोड आहे, ती स्पष्टच लिहितो, राग मानू नये. जुनी बातमी उघडून एक स्वल्पविराम बदलायचा आणि वर 'अपडेटेड' म्हणून आजची तारीख आणायची, म्हणजे गुगलच्या शोधात ती वर येते, हे तंत्र आता चांगलेच रुळले आहे. ज्यांनी हे केले त्यांना पाहणारे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पाणीपातळीच्या बातमीत हे करणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत खरवडून नवी चिकटवण्यासारखे आहे. मागच्या पावसाळ्यात मी एका प्रसिद्ध एआय सहायकाला साध्या मराठीत विचारले की आयर्विन पुलाची आजची पातळी किती. त्याने मला अत्यंत आत्मविश्वासाने एक आकडा दिला, वर काळजी घेण्याचा सल्लाही दिला. आकडा कुठून आला हे शोधले तर तो आदल्या वर्षीच्या एका बातमीतला निघाला, जिच्या मजकुरात 'आज सकाळी' असे लिहिलेले होते आणि तारीख कुठेच नव्हती. यंत्राला मी फारसा दोष देत नाही. 'आज' हा शब्द ज्या दिवशी वाचला तो दिवस, असा अर्थ माणूसही घेतोच.

आता कायद्याकडे येतो, कारण आपल्यापैकी काहींनी या विषयावर उत्साहाने लिहिले आहे. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून २० फेब्रुवारी २०२६ पासून कृत्रिमरीत्या तयार केलेल्या ध्वनी-चित्रांवर तसे ठळक लेबल असणे बंधनकारक केले आणि बेकायदा मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. कोयना धरणाची भिंत फुटल्याची एआयने रचलेली चित्रफीत कोणी फिरवली, तर या लेबलाचा उपयोग होईल, हे मान्य. तीन तासांच्या मुदतीबद्दल मला धास्तीही वाटते, कारण घाईत हटवले जाईल ते नेहमीच खोटे असेल असे नाही. पण आमच्या गल्लीचा खरा प्रश्न या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. २०१९ चे छायाचित्र कृत्रिम नाही. ते अस्सल आहे, आणि म्हणूनच त्यावर कोणतेही लेबल लागणार नाही. ते कालचे आहे की कित्येक वर्षांपूर्वीचे हे सांगण्याचे काम कोणत्याही नियमाने कोणावर टाकलेले नाही; ते आपणच आपल्यावर घेतले तर घेतले.

आणि ते सरकारने करावे असेही मी म्हणणार नाही. सरकारी कामकाजाविषयीची कोणती बातमी खोटी हे ठरवण्यासाठी केंद्राने २०२३ च्या नियमांत तथ्य-तपासणी कक्षाची जी तरतूद केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. मला त्या निकालाचा आनंद झाला होता, कारण धरणातून पाणी कधी सोडले या प्रश्नात सरकार स्वतःच एक पक्ष असते आणि पक्षकाराला न्यायाधीश करता येत नाही. परंतु त्या निकालाने मिळालेली मोकळीक आपण ज्या सैलपणाने वापरता, ते पाहून मला कधी कधी माझ्याच आनंदाची लाज वाटते.

राजकारणाचा भाग मी टाळू शकत नाही, कारण पुराचे पाणी ओसरते आणि कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा वाद चढतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, कर्नाटक त्यासाठी आग्रही आहे, महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि २०१९ च्या महापुरानंतर आलेल्या वडनेरे समितीच्या अहवालावरून सांगलीत आजही वाद घातला जातो. अलमट्टीच्या फुगवट्याने, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याने, सांगली बुडते की नाही, यावर माझे मत काय ते इथे महत्त्वाचे नाही. पण हा वाद ज्या पुराव्यावर चालायला हवा, तो पुरावा म्हणजे एकाच तासाला अलमट्टीची पातळी किती, तिथला विसर्ग किती, राजापूर बंधाऱ्याशी पाणी किती आणि आयर्विनला किती, असा शेजारी शेजारी मांडलेला तक्ता आहे. आपल्या बातम्यांतून असा तक्ता जुळवायचा प्रयत्न मी एकदा केला. आकडे भरपूर होते, वेळा नव्हत्या. मग सभेत एक पुढारी सकाळचा विसर्ग आणि रात्रीची पातळी घेऊन एक गोष्ट सिद्ध करतो, दुसरा रात्रीचा विसर्ग आणि सकाळची पातळी घेऊन नेमकी उलटी सिद्ध करतो, आणि टाळ्या दोघांनाही पडतात.

विसर्गाच्या बातम्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे वेळ गळते तेव्हा तिच्याबरोबर अर्थही गळतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हा वेग झाला. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हा साठा झाला. एकाचे दुसरे करायचे तर मधे वेळ लागते. एक लाख क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली येते. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले जातात, तेही पूर्ण दिवस चालले तर ०.१८ टीएमसी, म्हणजे पाव टीएमसीसुद्धा नाही. पहिल्या पाण्याने सांगलीची झोप उडते. दुसरे पाणी पाटणपुढे कोणाच्या लक्षातही येत नाही. मथळा मात्र दोन्ही दिवशी एकच असतो, 'कोयनेतून पाणी सोडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा'. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या धरणाचे नाव ऐकले की आमच्या घरातल्या म्हातारीचे हात कापू लागतात. तिने आधीच्या पिढीकडून ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत, नंतरचे पूर स्वतः पाहिलेले आहेत. पायथा वीजगृहाचे की सांडव्याचे, किती क्युसेक, किती वाजल्यापासून, एवढे मथळ्यात बसत नसेल तर निदान पहिल्या वाक्यात बसवावे.

शिवाय धरणातून सुटलेले पाणी त्याच क्षणी सांगलीत उभे राहत नाही. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळते, तिथून बहे, ताकारी, भिलवडी करत पाणी आयर्विनला येते, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, तिलाही पूर असला की वरचे पाणी तुंबते. धरणांच्या खाली पडलेला पाऊस वेगळाच, त्याला कोणाचा दरवाजा नाही. साताऱ्याच्या पत्रकार मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण त्यांच्यासाठी जी संपलेली बातमी असते ती आमच्यासाठी अजून वाटेत असते. १९४९ पर्यंत यातला बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता; जिल्हे वेगळे झाले तरी पाण्याला ते कोणी कळवलेले नाही. कराडच्या कृष्णा पुलाची पातळी आपण वेळेसह दिलीत, तर भिलवडी-अंकलखोपचा शेतकरी नदीकाठची विहिरीची मोटर कधी काढायची ते स्वतःच ठरवील, त्याला आमच्या गटावरच्या लाल पट्टीची वाट पाहावी लागणार नाही.

आपली अडचण मला दिसते. वार्ताहराला दिवसाला दहा बातम्या द्यायच्या असतात, छत्रीखाली उभे राहून थेट प्रक्षेपण करायचे असते, मागून कार्यालय विचारत असते की शेजारच्या वाहिनीवर ५२ आला, आपला ४३ कसा. मोठा आकडा धावतो, लहान आकडा मागे राहतो, आणि पाहणाऱ्यांच्या संख्येवर जाहिरात मिळते. परंतु ज्याचे पोट या धंद्यावर आहे त्याला मी एवढेच विचारतो की, आमच्या गल्लीत आता दर कार्डावर काका जो प्रश्न विचारतात, तो आणखी दोन पावसाळ्यांनी प्रत्येक गल्लीत विचारला जाऊ लागला, तर त्या दिवशी आपण देणार असलेली खरी धोक्याची सूचना कोण मानणार आहे?

करायचे ते फार नाही. कार्डाचा जो साचा संगणकात आहे, त्यात आकड्याच्या खाली ठिकाण, तारीख, वेळ आणि स्रोत अशी एक रिकामी ओळ कायमची टाकून ठेवावी. ती भरल्याशिवाय कार्ड बाहेर पडणार नाही अशी सोय करणे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि कोणाला जमत नसेल तर मी पैसे न घेता करून देईन. जुनी चित्रफीत दाखवायचीच असेल तर तिच्या अंगावर, कोपऱ्यात बारीक नव्हे, मधोमध, वर्ष लिहावे. 'आज', 'काल', 'नुकतेच' हे शब्द पाणीपातळीच्या बातमीतून काढून टाकावेत आणि तारीख लिहावी. नवीन पातळी आली की जुने कार्ड मागे घ्यावे किंवा त्यावर 'जुने' असे लिहावे. नागरिकाने पाठवलेले छायाचित्र असेल तर त्याच्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून मागवावे, म्हणजे काढल्याची नोंद शाबूत राहते. आणि अर्थात, चूक झाली तर ती त्याच गटांवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त करावी. चुकीचे कार्ड लाल आणि दुरुस्ती राखाडी, असे नको.

यंदा मी माझ्या दुकानाच्या काचेला आतून एक फळा लावला आहे. त्यावर चार रकाने आखले आहेत: ठिकाण, पातळी, वेळ, कोणाची बातमी. पावसाळाभर आपल्या बातम्यांतले आकडे मी रोज त्यावर खडूने उतरवणार आहे. ज्या बातमीत वेळ नसेल तिचा आकडा मी लिहिणार नाही, फक्त शेवटच्या रकान्यात आपले नाव लिहून आधीचे तीन मोकळे सोडणार आहे. गिरणीवाले काका सकाळी शटर उघडण्याआधी तो फळा वाचतात, आणि त्यांच्या मागोमाग दूध आणायला निघालेली निम्मी गल्लीही वाचते.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
गावभाग, सांगली